तालमीची किल्ली

हुद्दार डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं: चालणे, पाऊण तास, रोज.
कुठं, ते लिहिलं नाही.

पहिला आठवडा व्हॅक्सिन डेपोत गेलो.
वडगावातून रिक्षाला साठ रुपये, येताना पुन्हा साठ;
चालायला रिक्षानं जातंय म्हणून गल्ली हसली.
झाडं मात्र थोर. खाली पांढऱ्या बुटांतली माणसं,
समोरच्याचं तोंड बघून
कधी नमस्कार, कधी नमस्कारा.
चौथ्या दिवशी चपलेचा अंगठा तुटला.
अनवाणीच फेरी पुरी केलो.

किल्ला तलावाला वारा बरा,
खरं तिथं मिरचीभजी चांगली मिळतात.
त्या महिन्याची साखर दोनशे अठ्ठावीस.

मग थोरल्यानं जिमची फी भरली.
बँकेच्या वर, दुसरा मजला, चारी भिंतींना आरसे;
लग्नातसुद्धा एवढं मी मला बघितलो नव्हतो.
मल्लेश म्हणून पोरगा, दंड माझ्या मांडीएवढे,
म्हणाला, "अव्वा, ह्या पट्ट्यावर उभं राहा.
तो पळतो. तुम्ही फक्त पडू नका."
सत्तावीस वर्षं पॉवरलूमवर काढलोय मी.
पळत्या यंत्रापुढं न पडता उभं राहणं
पगार घेऊन केलोय, पोरा.
आता पैसे देऊन करू?

घरी येताना तालमीवरून आलो.
दाराला कुलूप. पोरं सगळी मल्लेशकडं.
आत मंडळाचे कर्णे, मांडवाचे वासे,
गेल्या गणपतीची थर्माकोलची कमान.

ह्या उंबऱ्यापर्यंत मी रोज यायचो,
आप्पांच्या थंडाईचा तांब्या घेऊन.
उंबऱ्यापर्यंतच.
बाईमाणसाची सावली हौद्यावर पडली तर माती बाटते, म्हणायचे.
म्हणून उन्हाकडं बघून उभं राहायचं,
सावली मागं पडेल असं.
आत भरमा वस्ताद जोर मोजायचे,
विसापर्यंत कन्नडात, पुढं मराठीत.
का, कुणी विचारलं नाही.
तांब्या रिकामा होईपर्यंत मीही मोजायचो, मनात.

आमच्याकडं बाईही 'येतो' म्हणते, 'जातो' म्हणते.
साताऱ्याहून आलेल्या बाईंनी
ह्याच एका चुकीसाठी माझी वही लाल केली होती:
मुलगी आहेस ना तू? मग 'येते' म्हण.
म्हटलो, म्हणतो की बाई.

किल्ली वस्तादांच्या नातवाच्या चहागाड्यावर, खिळ्याला.
"काय काढायचं हाय, मावशी?"
"घाम."
त्याला वाटलं मस्करी. हसत दिली.

कुलूप गंजलेलं; खोबरेल तेल लागलं.
दार उघडलं, आणि तोंडातून आपोआप
"येतो" असं निघालं.
कुणी नाही म्हणालं नाही. कर्णे तर बंदच होते.

हौद्यातली माती विटेसारखी झालेली.
तिला ताक हवं, तेल हवं, हळद, लिंबं हवीत,
माझ्याकडं दोन बादल्या पाणी आणि शेजारच्या निंगव्वाचं कुदळ.
पहिले अकरा दिवस नुसतं खणलो.
पाऊण तास रोज.
बाराव्या दिवशी मातीत पाय रुतला, घोट्यापर्यंत,
गार.

आता पहाटे साडीचा काचा मारून बैठका काढतो.
गुडघे आधी बोलतात, मग मी.
निंगव्वा उंबऱ्यावर बसून चहा पिते.
आत ये म्हटलं तर म्हणते, बघू, नाळे.
उद्या, असं म्हणायचंय तिला. रोज म्हणते.

साखर पुढच्या बुधवारी तपासायची आहे.
काल हदिनेळुपर्यंत गेलो.
अजून कन्नडातच आहे.
तीन बैठका आणखी,
की मराठी लागेल.